दहावीचं साल

भाऊबीजेच्या जेवणात तू सहज बोलून गेलीस, "आत्या, पंचेचाळिशीपुढचे सीव्ही आम्ही उघडतच नाही. दहावीचं साल बघायचं, वजाबाकी करायची, की पुढचा." मी पोळ्या वाढत होते. तुझे बाबा समोरच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त नंतरचा भात नको म्हणाले. नोकरी जाऊन त्यांना तेव्हा सात महिने झाले होते, आणि त्यांची दहावी १९८७ ची.

तू मनात काही ठेवून बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, तुम्ही दोघी-तिघी असता आणि संध्याकाळपर्यंत मॅनेजरला दहा नावं द्यायची असतात. चाळण लागतेच. मी त्याच टेबलामागे पस्तीस वर्षं बसले आहे. आमच्या वेळी अर्ज टपालाने यायचे आणि पाकिटं फोडून गठ्ठे करायचे, एवढाच फरक. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण भरल्या पानावर बोलायची ती गोष्ट नव्हती. आता निवांत लिहिते आहे, तूही निवांत वाच.

कर्वे समाज सेवा संस्थेतून एम.एस.डब्ल्यू. करून मी पिंपरीतल्या एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागले. कारखान्यात ५०० कामगार झाले की तो अधिकारी नेमावाच लागे, म्हणून आमच्यासारख्यांना ती जागा मिळायची. पुढे भरतीचं काम आलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिलं. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं, "ज्याला घेतलंत त्याच्यातली चूक सगळ्या कारखान्याला दिसेल. ज्याला घेतलं नाहीत ती चूक कुणालाच दिसणार नाही. ती तुम्हीच शोधायची." मी मान डोलावली होती. अर्थ कळायला नऊ वर्षं लागली.

१९९४ मध्ये टूलरूमला टर्नर हवा होता. आलेल्यांत एक गृहस्थ होते. भोसरीतलं त्यांचं वर्कशॉप बंद पडलं होतं. कागदावर वय ४९. आत आले तेव्हा कानांच्या वर आणि कपाळाच्या कडेला कलपाचा काळा डाग कातडीवर उतरलेला होता. घाईत लावलेला, नीट धुवायलाही वेळ मिळालेला नसावा. तो डाग पाहिला आणि माझं ठरून गेलं. पुढची सात-आठ मिनिटं मी त्यांना राहता कुठे, मुलं किती, येणार कशाने, असलं विचारत राहिले. लेथबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फाइलवर 'विचार करू' असा शेरा मारला आणि त्यांच्या जागी २६ वर्षांचा मुलगा घेतला. मुलगा उत्तम निघाला, पुढे टूलरूमचा सुपरवायझर झाला. त्यामुळे माझं काही चुकलं असं वाटायला जागाच उरली नाही. फोरमन खूश होता, साहेब खूश होते, मीही खूश होते.

दोन वर्षांनी सकाळच्या पाळीला गेटवर नवा गार्ड दिसला. ठेकेदाराचा माणूस. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं नाही. "मॅडम, टूलरूमला परत जागा निघाली का?" म्हणाले, तेव्हा आठवण झाली. केस आता पांढरे होते. मी वय विचारलं. म्हणाले, "कागदावर एक्कावन्न, खरं अठ्ठेचाळीस. गुरुजींनी एक जून टाकली." आपल्याकडे त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस एक जूनला असतो ते बघ. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरी तारीख कुणाला आठवत नसायची, वय बसवायला गुरुजी एक जून लिहून टाकायचे. म्हणून तर दर वर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. ज्या आकड्यावर मी त्या माणसाला घरी पाठवलं होतं, तो आकडाच मुळात त्याचा नव्हता.

गेटवर उभ्याउभ्या, हातात बॅगा तपासायचं रजिस्टर धरून, त्यांनी मला सांगितलं की फॉर्म टूल ते स्वतः घासायचे, ड्रॉइंग हातात दिलं की जॉब कसा पकडायचा ते मनात आधी उभं राहायचं, आणि टूल बोथट व्हायला लागलं की आवाज बदलतो, तो त्यांना पाच मशीनच्या पलीकडून ऐकू यायचा. हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी टेबलावर विचारायला हवं होतं. मी फोरमनशी बोलले. तेव्हा जागा नव्हती. वर्षभरात ठेका बदलला, गार्ड बदलले. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. तीच तुला द्यायची आहे, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. 'वय जास्त आहे' असं मनात आलं की पेन खाली ठेवायचं आणि स्वतःला विचारायचं, मला नेमकी भीती कशाची वाटते आहे? नीट बघितलंस तर ती भीती दर वेळी दुसऱ्याच कशाची तरी असते. हा धाकट्या साहेबाचं ऐकणार नाही. नवीन शिकणार नाही. सारखा आजारी पडेल. पगार जास्त मागेल. थोड्या वर्षांत जाईल. यातली प्रत्येक गोष्ट समोरच्याला सरळ विचारता येते. आपण ती त्याला विचारत नाही, त्याच्या जन्मसालाला विचारतो. आणि जन्मसाल त्या साली जन्मलेल्या सगळ्यांबद्दल एकच उत्तर देतं.

धाकट्या साहेबाचंच घे. तुमच्याकडे विचारतात ना, "तुम्ही आमच्या यंग टीममध्ये अ‍ॅडजस्ट व्हाल का?" याला नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हो म्हणणाऱ्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी मी विचारायचे, "तुमच्यापेक्षा वयाने लहान माणसाने तुमची चूक दाखवली, असा प्रसंग सांगा. मग तुम्ही काय केलंत?" आणि थांबायचे. काही जण लगेच त्या पोराचीच चूक कशी होती ते सांगू लागतात. काही जण जरा आठवून, नावानिशी, दिवसानिशी सांगतात. एकाने सांगितलं होतं की त्या मुलाने दाखवलेली चूक खरी होती, पण चारचौघांत दाखवली म्हणून आठवडाभर राग होता, मग गेला. त्याला आम्ही घेतलं. हाच प्रश्न उलटा करून तिशीच्या आतल्यांनाही विचार, "तुझ्या दुप्पट वयाच्या माणसाला काम सांगायची वेळ आली होती का? कसं सांगितलंस?" त्याही उत्तरांत खूप काही असतं.

तरुणांचा विषय निघालाच आहे तर सांगते. वयाचा शिक्का वरच्याच टोकाला बसतो असं समजू नकोस. 'मिसरूड फुटलं नाही आणि साहेब म्हणे' हे मी कँटीनमध्ये डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्या पोरांकडून ऐकलं आहे. आणि मुलींचं तर प्रत्येक वय चुकीचं. १९८७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, एका मुलाखतीत मला पहिला प्रश्न होता, "लग्न कधी करणार?" पंचविशीतली मुलगी लग्न करून जाईल, तिशीतली बाळंतपणाची रजा घेईल, चाळिशीतलीचं लक्ष मुलांच्या दहावी-बारावीत असेल आणि पन्नाशीनंतर ती काकू. कामासाठी योग्य वय मग उरतं तरी कोणतं?

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा सर्वोच्च न्यायालयातला खटला, नर्गेश मिर्झा यांचा, आम्हाला अभ्यासाला होता. नियम असा की हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणात. यांतलं जे आधी होईल ते. मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष ५८ पर्यंत. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, संचालकांची मर्जीही रद्द केली, पण पुरुषांसारखं ५८ मात्र दिलं नाही; तंदुरुस्त असलेल्या बाईलाही पंचेचाळीसपर्यंतच. वर्गात आम्ही त्यावर तासन्‌तास भांडलो होतो. पंचेचाळिशीनंतर बाईच्या हातून चहाचा ट्रे सांडतो का, असं एकीने सरांना विचारलं होतं. सर म्हणाले होते, प्रश्न बरोबर आहे, उत्तर मला माहीत नाही. मला वाटतं उत्तर त्यांना माहीत होतं.

आता शरीराचं. त्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. शरीर बदलतं. आपल्या भाषेने तर जवळचं वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी नाव दिलं आहे. आमच्याकडे एका इन्स्पेक्टरला दोन वेळा मेमो मिळाला, कारण व्हर्नियरवरच्या रेघा चुकीच्या वाचल्या गेल्या. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत फोरमन त्याला गोडाउनला पाठवायला निघाला होता. माणूस ४७ वर्षांचा, साठीला तेरा वर्षं बाकी. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि स्टोअरमधून डिजिटल व्हर्नियर मागवला. पुढची दहा वर्षं त्याच्या तपासणीतून एकही खराब जॉब गिऱ्हाइकाकडे गेला नाही.

जर्मनीत बीएमडब्ल्यूच्या डिंगॉल्फिंगच्या कारखान्यात २००७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. दहा वर्षांनी आपल्या कामगारांचं सरासरी वय ४७ होणार, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून एका लाइनवर तेवढ्या सरासरी वयाची ४२ माणसं आताच बसवली आणि त्यांनाच विचारलं की त्रास कुठे होतो. पायाखाली लाकडी जमीन, वेगळे बूट, टेकायला खुर्ची, बारीक भाग बघायला भिंग, काँप्युटरच्या पडद्यावर मोठी अक्षरं, असे ७० बदल झाले. खर्च ४० हजार युरोंच्या आसपास, म्हणजे मोटारींच्या कारखान्यात चिल्लरच. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. हा प्रयोग वाचला तेव्हा मी ते पान कापून फोरमनच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

ज्या कामाला खरंच ताकद लागते तिथे ताकद तपास. वजन उचलायचं असेल तर वजन उचलायला सांग, पंचविशीच्या मुलालाही सांग. रात्रपाळी असेल तर रात्रपाळीबद्दल विचार. ड्रायव्हर घ्यायचा असेल तर डोळे तपासून घे. कामाची परीक्षा घेतलीस की वयाची घ्यावी लागत नाही.

'नवीन शिकत नाहीत' हे वाक्य तुला सगळ्यात जास्त ऐकू येईल, म्हणून त्याच्यावर जरा थांबते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सीएनसी मशीन आली. ट्रेनिंगला कुणाला पाठवायचं, याची यादी फोरमन करायचे. पहिल्या तिन्ही याद्यांत चाळिशीपुढचा एकही माणूस नव्हता. "त्यांना कशाला त्रास?" असं प्रेमानेच म्हणायचे. तीन वर्षांनी तेच फोरमन सांगू लागले की जुन्या लोकांना सीएनसी येत नाही. कुठून येणार? चौथ्या यादीत मी भांडून दोन जुने टर्नर घातले. त्यांतल्या एकाने परत आल्यावर मला समजावलं, "मॅडम, जी झिरो वन म्हणजे सरळ काप आणि जी झिरो टू म्हणजे गोल काप, घड्याळाच्या दिशेने. काप मला तीस वर्षं येतोय. त्याचं फक्त नाव नवीन आहे." स्क्रीनची भीती जायला त्याला दीड महिना लागला, पोरांना दोन आठवडे पुरायचे, हेही खरं. पण फीड किती द्यायचा आणि कुठे हात आखडायचा, हे पोरांना शिकायला वर्षं लागली आणि ते त्याच्याकडूनच शिकली. तुझ्याकडे जुन्या लोकांबद्दल असली तक्रार आली की आधी मागच्या तीन वर्षांच्या ट्रेनिंगच्या याद्या काढ. कुणाला पाठवलं होतं ते बघ, मगच बोल.

'ओव्हरक्वालिफाइड' हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'याचा पगार मला विचारायला संकोच वाटतो' एवढाच असतो. आकडा सांग आणि त्यांना ठरवू दे. ज्याचं घराचं कर्ज फिटलं आहे, मुलगी नोकरीला लागली आहे, तो माणूस कधीकधी तिशीतल्या मुलापेक्षा कमी पगारात आनंदाने येतो. कधी येतही नाही, पण ते त्याने ठरवायचं. आणि 'थोड्या वर्षांत निवृत्त होईल' म्हणताना तुमच्याकडची रजिस्टरं उघड. २५ ते ३० मधली मुलं तुमच्याकडे सरासरी किती दिवस टिकतात, ते मोजून काढ. माझा अंदाज सांगत नाही, तूच मोज.

बोलण्याचालण्याचं एक. पन्नाशीचा उमेदवार रिसेप्शनला आला की मुली म्हणतात, "काका, इथे बसा." त्यात आदर आहे, मला कळतं. पण मुलाखतीच्या खोलीत शिरायच्या आधीच त्या माणसाचं काका होऊन जातं, आणि काकांना कुणी प्रोजेक्ट देत नाही. आडनाव घेऊन साहेब म्हण, किंवा सर म्हण. तसंच पंचविशीच्या मुलाला टेबलावर अरे-तुरे करू नकोस. दोघांनाही 'तुम्ही'. सवय व्हायला एक आठवडा लागतो. (मगाशी तो उलटा प्रश्न मी 'तू' म्हणून लिहिला. जुनी सवय. तू विचारशील तेव्हा 'तुम्ही' म्हण.)

मॅनेजर म्हणेल, "तिशीच्या आतलं पोरगं बघ." त्याच्याशी वाद घालू नकोस. वही काढ आणि विचार, "का, ते सांगा, लिहून घेते." दौऱ्यावर पाठवायचंय, रात्री थांबावं लागेल, अमुक सॉफ्टवेअर यायला हवं, असं काहीतरी सांगेल. ते लिहून जाहिरातीत घाल आणि वयाची ओळ गाळ. कारण सांगताच आलं नाही तर तो स्वतःच घुटमळेल. आणि यादी देताना तीत पन्नाशीचं एकच नाव ठेवू नकोस. एकच असलं की ते शोभेला ठेवल्यासारखं दिसतं आणि पहिल्या फेरीत गळतं. दोन-तीन असली की त्यांची आपसात तुलना होते, म्हणजेच ती वाचली जातात.

कायद्याची मदत तुला फारशी होणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या आणि १६ व्या कलमांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करू नये असं आहे. त्या यादीत वय नाही, आणि खासगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा सर्वसाधारण कायदाही नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांना तसं संरक्षण आहे. तूच सांगितलं होतंस की तुमच्या तिकडच्या ऑफिसच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना नसतो आणि पुण्याच्या अर्जात असतो. एकाच कंपनीचे दोन अर्ज. तो रकाना नेमणूक झाल्यावर, पीएफच्या फॉर्मसाठी लागतो. आधी कशाला हवा, हे तुमच्या मीटिंगमध्ये एकदा विचारून बघ. सरकारी भरतीतली वयोमर्यादा तरी कुठे दगडावर कोरलेली असते? २०१६ मध्ये महाराष्ट्राने खुल्या गटासाठी ती ३३ वरून ३८ केली. ३५ वर्षांचा मुलगा एका शासन निर्णयाने पात्र झाला. त्याच्यात एका रात्रीत काही बदललं नव्हतं.

माणसं कमी करायची वेळही तुझ्यावर येईल. तिथे फार जपून. औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-जी कलमात कामगारांसाठी तत्त्व होतं की शेवटी आलेला आधी जाईल. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेनेही ते ठेवलं आहे. पण ते कामगारांसाठी. तुझ्या बाबांसारख्या मॅनेजर लोकांना ते छत्र नाही. त्यांच्या यादीत बहुधा सगळ्यात जुना आणि महागडा माणूसच आधी येतो. पगार परवडत नसेल तर पगाराचं सांगावं. 'नव्या दमाची टीम हवी' म्हणू नये. तुझ्या बाबांना नेमकं हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं, आणि त्यांचा २६ वर्षांचा दम त्या वाक्यात संपला.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा लाखभर माणसं गेली. तुझे काका राहिले. त्यांच्या शाखेतले जे तिघे गेले, त्यांना गावातलं कुठलं कर्ज कुणाच्या शब्दावर दिलं होतं आणि कुठला जामीनदार कुठल्या घरातला, हे तोंडपाठ होतं. कागद सगळे फायलीत होते, तरी पुढची दोन वर्षं काका रात्री नऊला घरी यायचे.

निरोपाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एवढं तरी नक्की सांग. ग्रॅच्युइटीचा हिशेब कायद्याने धरलेल्या शेवटच्या वेतनावर, दर वर्षाचे १५ दिवस, महिन्याचे दिवस २६ धरून. पीएफच्या योजनेतलं पेन्शन पूर्ण हवं असेल तर ५८ पर्यंत थांबायचं. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके ४-४ टक्के कायमचे कापले जातात. घाबरलेला माणूस पहिल्याच महिन्यात तो फॉर्म भरून टाकतो. आणि कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो ते कागदावर लिहून दे, तोंडी सांगू नकोस. त्या दिवशी कुणाच्या काही लक्षात राहत नाही.

तुझे बाबा काल आले होते, बायोडेटा घेऊन. तीन पानांचा होता, आम्ही दोन पानांवर आणला. शेवटच्या दहा वर्षांचं काम वर घेतलं, पूर्वीचं चार ओळींत. मग म्हणाले, "ताई, दहावीचं साल काढून टाकू का?" मी म्हटलं, काढ. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, पण दारातच वजाबाकी करायला द्यायची नाही. त्यांनी खोडलं. थोडा वेळ गप्प बसले. पिशवीत कलपाची पुडी होती, मला दिसली, मी काही बोलले नाही. गुरुवारी त्यांची मुलाखत आहे. तुला सांगितलं नसेल, विचारूही नकोस.

सोमवारी ऑफिसला गेलीस की ते न उघडलेल्यांचं फोल्डर उघड. सगळं नको, वीसच वाच, शेवटच्या पानावरून पहिल्या पानाकडे. फोन करावासा वाटला असे त्यांत कितीजण निघाले, ते मला कळव. आठनंतर मी घरीच असते.